सोळाव्या मजल्यावरचं ऊन

लालबागची आमची चाळ पाडली आणि तिच्या जागी दोन इमारती उभ्या राहिल्या. रस्त्याकडची विक्रीची, काचेची, बघताना मान मोडेल एवढी उंच. तिच्या पाठीमागे आमची, जुन्या भाडेकरूंची. मजले लॉटरीने वाटले. आम्हाला सोळावा लागला तेव्हा लोक म्हणाले, नशीबवान आहात, हवा भरपूर. आईने फक्त विचारलं, "आणि खाली येवचा कसा?"

"लिफ्ट आहे ना गं."

"लिफ्टीत बसान माणसा भेटतत?"

चाळीत आमची खोली तळमजल्यावर होती. वडील गेल्यावर आईने तिथं खानावळ चालवली आणि आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. दार सकाळी उघडायचं ते झोपायच्या वेळी बंद व्हायचं. जेवायला येणारे, भाजीवाली, वरच्या मजल्यांवरच्या बायका, पोस्टमन, सगळ्यांची वाट आमच्या दारावरून. आई रॉकेलच्या स्टोव्हपुढे बसून सगळ्यांशी बोलायची. त्या स्टोव्हच्या धुराने तिची फुप्फुसं खाल्ली, हे आम्हाला नव्या घरात आल्यावर कळलं. आधी जिना, मग चालणं, मग नुसतं बोलतानाही धाप. शेवटी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं.

मशीन म्हणजे चाकांवरची एक पेटी. भिंतीतल्या प्लगमधून वीज घ्यायची, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून आईच्या नाकात सोडायचा. दिवसभर घुर्रर्र चालू. नळी लांब होती. पलंगापासून मोरीपर्यंत पोचायची, स्वयंपाकघरापर्यंत पोचायची, बाल्कनीतही जायची. मुख्य दारापर्यंत मात्र नाही पोचायची. दाराच्या अलीकडे, चपलांच्या स्टँडपाशी ती ताणली जायची, आणि आई तिथं थांबायची. कुणी बेल वाजवली की तिथूनच "कोण?" विचारायची आणि मी येईपर्यंत उभी राहायची.

मी एका लॅबचे रिपोर्ट घरून टाइप करते. लग्न केलं नाही. भाऊ जर्मनीत. म्हणजे घरात आम्ही दोघी आणि ते मशीन. मी खाली जायची ती भाजी, औषधं आणि लॅबचं काही काम असेल तेवढ्यापुरती; गेले तरी कान वरच असायचे.

आईला दिवसातली एकच गोष्ट आवडायची. दुपारी जेवणानंतर पुढचा टॉवर आणि शेजारच्या जागेवरचा टॉवर यांच्या फटीतून सूर्य आमच्या बाल्कनीत यायचा. इतर वेळी त्या दोन इमारतींची सावली आमच्यावरून हलायची नाही. ऊन आलं की आई नळी सांभाळत प्लॅस्टिकच्या स्टुलावर जाऊन बसायची, एक बाजू उन्हाला, तोंड ग्रिलकडे तिरकं. त्याच फटीतून खाली मसाल्याच्या दुकानांसमोर उभ्या असलेल्या बायका तिला मुंग्यांएवढ्या दिसायच्या, तरी ती सांगायची, "ती बघ, मिरच्यो घेवन इली. बेडगी दिसता." उन्हाळ्यात मसाले कुटायला लागले की ठसका सोळाव्या मजल्यापर्यंत चढायचा आणि मला काच लावून घ्यावी लागायची. तरी ती काचेआड बसायची.

मशीन आल्यापासून विजेचं बिल असं वाढलं की मी ते उघडून बघायचंच टाळायला लागले. भावाला सांगितलं. त्याने व्हिडिओवर फोन फिरवून स्वतःची बाल्कनी दाखवली. कठड्याला एक काळं पॅनेल टांगलेलं, खाली छोटी डबी, डबीतून निघालेली वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच. ऊन पडलं की वीज घरातच खेळते, तेवढी बाहेरून कमी येते. इथं भाडेकरूलासुद्धा हक्क आहे. ऑनलाइन नोंद करायची, झालं. आमच्या गावात तर घेतलं तेव्हा थोडे पैसेही परत मिळाले. तिकडेही सूर्याच्या योजना चालू आहेत ना? विचार की."

मी विचारायला गेले. दादरला वीज कार्यालयात एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी उभं नाही ठेवलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"योजना छपरासाठी आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं छप्पर कुठंय?"

"सोसायटीची गच्ची आहे."

"मग सोसायटीने अर्ज करायचा. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्यासाठी मिळतं अनुदान."

गच्चीवर जवळजवळ दिवसभर पुढच्या टॉवरची सावली असते, आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. असे आमच्यासारखे रोज येत असावेत.

"राज्याचीही जादा मदत आहे म्हणतात," मी म्हणाले.

"आहे. पण वीज कमी वापरणाऱ्यांना. तुमचा वापर बघा ना केवढा आहे."

"तो मशीनमुळे आहे. आईच्या ऑक्सिजनच्या."

"कळतं हो ताई. पण वापर कशामुळे वाढला ते विचारायला आमच्याकडे रकानाच नाही."

शेवटी मी बाल्कनीतल्या पॅनेलचं विचारलं. प्लगमध्ये लावायचं, ते. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना हाक मारली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "त्याला आपल्याकडे नियम नाही."

"म्हणजे बंदी आहे?"

"बंदी आहे असंही कुठं लिहिलेलं नाही. परवानगी आहे असंही नाही. घराच्या वायरिंगमध्ये बाहेरची वीज सोडायची तर आमची मंजुरी लागते. मंजुरीचा अर्ज छपरासाठी आहे." मग थोडं हळू म्हणाले, "आणि तुमचं मीटर साधं आहे. तुमच्याकडून उरलेली वीज बाहेर गेली, तर ते तीही तुम्ही वापरलेली धरेल."

"मी दिलेली वीज माझ्याच बिलात?"

"दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर लागतं. ते छप्परवाल्यांना मिळतं."

घरी येईपर्यंत माझा राग गेला होता आणि हट्ट आला होता. भावाने पैसे पाठवले. ओळखीतून एक विक्रेता मिळाला. तो आणि त्याचा माणूस पॅनेल घेऊन आले. ग्रिलच्या बाहेर टांगायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी मनाई केली, इमारतीचं तोंड बिघडतं म्हणून. तेव्हा पॅनेल ग्रिलच्या आत, तिरकं उभं केलं. उभं केल्यावर लक्षात आलं की बाल्कनी भरली. स्टूल ठेवायला जागा उरली नाही.

"ह्या काय हाडलंस?" आईने नळी हातात धरून विचारलं.

मी समजावलं. ऊन, वीज, मशीन, बिल.

ती पॅनेलच्या पाठीकडे बघत राहिली. "म्हणजे माझा ऊन मशीन खातला, आणि मशीन माका वारो देतला?"

"हो, तसंच समज."

"खयसून बघू आता रस्तो?"

मी म्हणाले, खिडकीपाशी बस ना. खिडकीतून पुढच्या टॉवरची पार्किंगची भिंत दिसते, मजल्यावर मजले नुसत्या गाड्या. आई बसली तिथं. 

विक्रेता जाताना मी त्याला विचारलं होतं, वीज गेली तर यावर मशीन चालेल ना? तो हसला होता. "ऊन तर जात नाही ना मॅडम." आमच्या मुंबईच्या या भागात वीज जात नाही, अशी आमची एक श्रद्धाच आहे. गावाकडचे नातेवाईक इन्व्हर्टर घेतात; आमच्याकडे मेणबत्तीसुद्धा केकबरोबर येते तेवढीच. तरी त्याचं उत्तर ऐकून मला बरं वाटलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक छोटा सिलिंडर कोपऱ्यात ठेवलेला होता. आता त्याच्या जोडीला सूर्यही होता.

नंतरचे महिने मी त्या पॅनेलची चाकरी केली. ऊन आलं की आईला मशीनवर ठेवायचं. ती केस विंचरायला, कपडे बदलायला मशीन काढायची तेव्हा वीज उरायची, आणि उरलेली बिलात चढायची. म्हणून मी दोन्ही पंखे लावायची, मिक्सरची कामं दुपारवर ढकलायची, भर थंडीत पंख्याखाली शाल पांघरून टाइप करत बसायची. बिल थोडं उतरलं. किती, ते आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिची दुपार विकत घेता यावी एवढं तर नाहीच. ती हळूहळू बाल्कनीच्या दाराशी जाणं सोडून पलंगावरच राहू लागली. पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, हालचाल ठेवा. कुठं हालचाल ठेवणार? नळीच्या टोकापर्यंत?

मग मे महिन्यात ते झालं.

दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. ऊन फटीतून आलेलं, पॅनेल तापलेलं. अचानक खालून कुठूनतरी धप्प असा आवाज आला आणि घरातलं सगळं थांबलं. पंखा, फ्रिज, आणि ती घुर्रर्र. मशीनने एक लांब शिट्टी दिली आणि तेही गप्प झालं. एवढी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती.

मी आधी बाल्कनीत धावले. सूर्य समोर. पॅनेलवर हात ठेववेना इतकं गरम. आणि खालच्या डबीवरचा हिरवा दिवा लाल झालेला. प्लग काढला, लावला. दुसऱ्या सॉकेटला लावला. लालच. आई आतून म्हणाली, "काय झाला गो?" आणि वाक्याच्या शेवटी तिला श्वास पुरला नाही.

सिलिंडर ओढून आणला, नळी जोडली, किल्ली फिरवली. आईचा चेहरा जरा सुटला. मग भावाला फोन लावला. त्याच्याकडे सकाळ होती, तो कामाला निघालेला.

"वीज गेलीय. तुझं पॅनेल बंद पडलंय. ऊन आहे आणि बंद पडलंय!"

तो म्हणाला, "अगं, ते तसंच असतं. बाहेरची वीज गेली की ते आपोआप बंद होतं. नाहीतर बाहेर वायर दुरुस्त करणाऱ्याला शॉक बसेल. इथं तो नियमच आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे."

मी फोन ठेवला. सूर्य समोर होता, पॅनेल होतं, मशीन होतं, तिघांच्या मध्ये वायरही होती. आणि आई सिलिंडरवर.

वॉचमनला फोन केला. खाली मीटरच्या खोलीत काहीतरी जळलं होतं. माणसं बोलावली होती, कधी येतील सांगता येत नव्हतं. लिफ्टला जनरेटर होता, पण तो चालू होईना. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "सिलिंडर संपायच्या आत हॉस्पिटलला आणा. वाट बघू नका." अॅम्ब्युलन्स गेटपर्यंत यायला तयार होती. गेट खाली होतं आणि आम्ही सोळाव्या मजल्यावर.

चाळीत मी उंबऱ्यात उभी राहून नुसती "अगं ऐकलं का" म्हणाले असते तरी दहा माणसं जमली असती. इथं दार उघडलं तर समोर बंद दारांची रांग आणि काळोख. मी समोरचं दार हातांनी वाजवलं. बेल चालत नव्हती. त्या दारावर पंचशीलाचा छोटा झेंडा असायचा. आत राहणाऱ्या बाई बसमध्ये कंडक्टर होत्या. इतक्या दिवसांत आमचं बोलणं "पाणी आलं का" याच्या पुढे गेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांनी पदर खोचला, आमच्या घरात शिरल्या, आईकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हात असलेली खुर्ची आहे का? प्लॅस्टिकची? चादर पण द्या."

"पुरुष माणसं कुणी…"

"कामावर गेलेत सगळे. आपणच आहोत, ताई."

त्यांनी जिन्यात उभं राहून हाक मारली. गच्च भरलेल्या बसमध्ये मागून पुढपर्यंत पोचणारा तो आवाज. "सोळाव्यावर बाया पाहिजेत! पेशंट खाली न्यायचाय! धरायला या!"

दारं उघडली. वरून एक सून आली, खालून दोघी आल्या, एकीच्या हाताला कणीक होती. आईला खुर्चीत बसवून चादरीने कमरेशी बांधलं. चौघींनी खुर्चीचे चार कोपरे धरले. मी सिलिंडर पिशवीत घालून छातीशी धरला आणि नळी ताणली जाऊ नये म्हणून आईच्या खांद्याला चिकटून उतरू लागले. माझे डोळे सिलिंडरच्या काट्यावर. काटा खाली येत होता आणि आम्हीही.

जिना अरुंद. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची. आई दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून डोळे मिटायची. चौघी दमल्या की थांबायचो आणि त्या मजल्यावरच्या दुसऱ्या पुढे व्हायच्या. कंडक्टर बाई मात्र बदलल्या नाहीत. "जागा द्या, जागा द्या, उतरणाऱ्यांना आधी," असं त्या म्हणत होत्या, आणि घामाघूम झालेल्या बायका तेवढ्यातही हसल्या.

अकराव्या मजल्यावर थांबलो तेव्हा एक म्हातारी दाराला धरून उभी होती. आईच्या खानावळीत भाजी चिरायला यायची ती. इमारत एकच, पण इथं राहायला आल्यापासून दोघींची गाठ पडली नव्हती. तिलाही गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नव्हतं.

आईने डोळे उघडले. "गो, तू हय रवतंस?"

"हय नाय तर खय!" ती म्हणाली आणि रडायला लागली. "माका वाटला तू गेलंस."

"बोलू नकोस, आई," मी म्हणाले.

"बोलू दे," आई म्हणाली. श्वास नव्हता, तरी तिने विचारलं, पोरगो काय करता, सून बरी आसा ना, ताप येवचो तो थांबलो काय. म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला. मग आम्ही खुर्ची उचलली.

खाली पोचलो तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता. अॅम्ब्युलन्सच्या माणसाने मोठा सिलिंडर लावला. आईला आत चढवताना तिने मान वळवून रस्ता बघितला. मुंग्यांएवढ्या दिसणाऱ्या बायका आता तिच्या एवढ्याच होत्या. एकीच्या डोक्यावर मिरच्यांची पिशवी होती.

हॉस्पिटलमध्ये आई सावरली. डिस्चार्जच्या दिवशी मी कपडे भरत होते तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी वर जावचंय नाय."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझी मावसबहीण चिंचपोकळीला तळमजल्यावर राहते, तिने नेलं. तिथं मशीन दाराशी ठेवलं आणि आई उंबऱ्यात बसली. दिवसभर लोक जातायेता तिच्याशी बोलायचे. ती जेवू लागली. पायांची सूज उतरली. मी त्या दिवसांत त्याच भागात तळमजल्यावरची खोली शोधत फिरले. मशीनचं नाव काढलं की घरमालक मान हलवायचे. "आजारी माणूस नको हो. उद्या काही झालं तर…" एकाने तर मशीनचा आवाज किती येतो ते विचारलं आणि फोनच उचलणं सोडलं. मावसबहिणीच्या दोन खोल्यांत पाच माणसं. तिची मुलगी परीक्षेचा अभ्यास जिन्यावर बसून करत होती.  आईनेच एक दिवस म्हटलं, "चल, जावया."

दुरुस्त झालेल्या लिफ्टने आम्ही वर आलो. आई वाटेत मजल्यांचे आकडे लागताना बघत होती.

त्याच आठवड्यात वीज कार्यालयाचा माणूस मीटर तपासायला आला आणि बाल्कनीतलं पॅनेल बघून म्हणाला, "हे काढा बाई."

"वीज गेल्यावर ते बंद होतं. मी स्वतः बघितलंय."

"तुमचं झालं. दुसऱ्याने स्वस्तातलं आणलेलं होईल का? खाली वायरीला हात लावणारा मी असतो."

मी प्लग काढला. मशीनसाठी एक मोठी बॅटरी आणली, भिंतीतल्या विजेवर भरणारी. तिला ऊन लागत नाही, छप्पर लागत नाही, कुणाची मंजुरी लागत नाही. पॅनेल मामेभावाने कोकणात नेलं. तिथं ते विजेच्या तारेला न जोडता बॅटरीला जोडलंय. गोठ्यात आणि मागच्या पडवीत त्यावर दिवे लागतात. त्याने फोटो पाठवला तेव्हा आईने तो बराच वेळ बघितला. ती गावाला शेवटची कधी गेली ते मलाही सांगता येणार नाही.

"ता गेला गावाक," ती म्हणाली. "आणि मी हय."

बाल्कनी मोकळी झाल्यावर तिने स्वतःच स्टूल ओढून नेलं. आता दुपारी कधीतरी कंडक्टर बाई ड्यूटीवरून आल्या की अकराव्या मजल्यावरच्या म्हातारीला लिफ्टने वर आणून सोडतात. दोघी उन्हात बसतात. एकीची नळी, दुसरीचे गुडघे. ऊन टॉवरच्या आड गेलं की म्हातारी उठते, आई तिला सोडायला निघते आणि चपलांच्या स्टँडपाशी थांबते. मी लांब नळीची चौकशी केली. डॉक्टर म्हणाले, आहे त्यापेक्षा लांब लावली तर ऑक्सिजनचा जोर कमी पडेल.